पहिला जबाब

गोडादरा, सुरत
२१ नोव्हेंबर १९९९

प्रिय नारखेडेकाका,

सप्रेम जय भीम.

वर्षभर तुम्हाला 'नारखेडेसाहेब' म्हणत आले, तेही बहुतेक वेळा रागाने. त्यामुळे 'काका' लिहिताना हात थोडा अडखळला. 'जय भीम' लिहितानाही अडखळला, कारण आपल्या ई-मेलच्या गटावर मी ते कधीच लिहिलं नाही. तिथे सगळे 'नमस्कार मंडळी' लिहायचे, म्हणून मीही लिहायचे. आमच्या घरी पत्र जसं सुरू होतं तसं आज केलंय. माझं अक्षर तुम्ही पहिल्यांदाच बघताय. ऑगस्टमध्ये तुम्ही अमेरिकेहून, मुलाकडून, जळगावला परत आलात, तेव्हा शेवटच्या मेलमध्ये घरचा पत्ता दिला होता. इथे फोनच धड लागत नाही तर इंटरनेट कुठलं, काही विचारायचं झालं तर पोस्टाने लिही, असं म्हणाला होतात. माझ्याकडेही आता कॉम्प्युटर नाही, नोकरीबरोबर तो गेला. रिंग रोडला सायबर कॅफे आहे, पूर्वी तिथे जायचे. आता गटावर लिहावंसंच वाटत नाही. का ते सांगते, पण लगेच सांगता येणार नाही. मला नक्की काय सांगायचंय हेच नीट कळलेलं नाही, तेव्हा पत्र वाकडंतिकडं जाईल. तुम्ही माझ्या मेलना मुद्दे पाडून, एकेकाला आकडा घालून उत्तर द्यायचात. या पत्राचे मुद्दे पाडता आले तर बघा, मला तरी जमले नाहीत.

आपलं पहिलं भांडण पुरावरून झालं. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी मावशी, इंदुबाई, नदीकाठच्या वस्तीत राहत होती. तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ चंदू तिला आणायला गेलो, तर ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसलेली, आणि मांडीवर शिलाई मशीनचं फक्त वरचं धड. पाय, चाक, सगळं खाली चिखलात. उचलता आलं तेवढंच तिने वर नेलं होतं. नंतर ऑफिस सुरू झालं आणि जेवणाच्या सुट्टीत मी पहिल्यांदा गटावर लिहिलं. त्याआधी महिनाभर नुसतं वाचत होते. आमच्या कापड रंगवायच्या मिलने दुबईच्या गिऱ्हाइकासाठी इंटरनेट घेतलं होतं, मॅनेजर भूपेंद्रभाई कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत, आणि डबा खाऊन झाला की ते मशीन माझं असायचं. मी लिहिलं की धरणाचं पाणी सोडताना लोकांना वेळेवर का सांगितलं नाही, याचा जबाब कोण देणार, की सरकार म्हणजे कोणीच नसतं? रोमन लिपीतलं मराठी, चुकांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं असं सांगून तुम्ही लिहिलं होतं की धरणाच्या दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी काय दिसतं ते आधी ऐका. लांबलचक पत्र होतं. शेवटी होतं, 'tumcha man rakhun sangto'. मी ते 'मन राखून' असं वाचलं आणि पेटले. हा कोण म्हातारा माझं मन राखणारा? मग मी जे काही लिहिलं ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत की मला 'मान राखून' म्हणायचं होतं, मन राखायची मला सवय नाही. त्या दिवशी एकटीच हसले होते. भूपेंद्रभाईंनी विचारलं, बेन, शुं थयुं? काय सांगणार होते त्यांना.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. ती भांडणं मला फार आवडायची. आमच्या गल्लीत राजकारण सगळेच बोलतात, पण पुरुष ओट्यावर बोलतात आणि बायका आतून ऐकतात. घरात मी काही म्हटलं तर आई भाकरी उलटवत 'बरं' म्हणायची. गटावर मात्र माझ्या वाक्याला वाक्याने उत्तर यायचं. सिंगापूरचे ते जोशी, पुण्याचा तो पत्रकार मुलगा, ही मंडळी मला लगेच 'वृषालीताई' म्हणायला लागली. वा ताई, खरं लिहिलंत ताई. तुम्ही कधीच वा म्हणाला नाहीत. प्लेगच्या वर्षी सुरतेतून लोक पळाले त्यावर वाद झाला तेव्हा मी लिहिलं की आम्ही पळालो नाही, बाबा म्हणाले गावी रोग घेऊन जायचा नाही, आणि आम्ही घरात बसून राहिलो. सगळ्यांनी बाबांचं कौतुक केलं. तुम्ही लिहिलंत, वडील थोर होते, पण घरात तरुण मुलं असताना त्यांनी घेतलेला निर्णय बरोबर होता का, ही गोष्ट वेगळी. मला इतका राग आला की जेवण गेलं नाही. बाबा प्लेगनंतर दोन वर्षांनी गेले, छातीच्या दुखण्याने. त्यांच्याबद्दल कोणी असं बोलू शकतं हेच मला माहीत नव्हतं. पण घरी येऊन मी आईला तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, मी तवा सांगेल व्हतं, पोरेस्ले गावले धाडी द्या. तिने तेव्हा आम्हाला गावी पाठवा असं सांगितलं होतं आणि बाबांनी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं तिने हे मनात ठेवलं होतं. तुम्ही विचारलं नसतं तर मी तिला विचारलंच नसतं.

मग जानेवारीत मी खाडीबद्दल लिहिलं. आमच्या पांडेसऱ्याच्या बाजूला खाडीचं पाणी कधी लाल असतं, कधी निळं, ज्या दिवशी जो रंग चालला असेल तो. मी लिहिलं की पोरांच्या अंगावर फोड येतात, हातपंपाचं पाणी गुलाबी येतं आणि सरकारी खातं आंधळं झालंय. बरंच जोरदार लिहिलं होतं. सगळ्यांची वाहवा झाल्यावर तुमची एक ओळ आली, तुम्ही कुठे काम करता? मी लपवलं नाही. तिथल्याच एका प्रोसेस मिलच्या ऑफिसात, असं गटावरच सांगितलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, मग पहिला जबाब तुमच्याकडूनच मागायला हवा, सरकारकडून नंतर. जोशी तुमच्यावर तुटून पडले. एका पगारदार मुलीला हे विचारता, लाज वाटत नाही का, वगैरे. तुम्ही माफी मागितली नाहीत. मी आठ दिवस गटावर फिरकले नाही.

पण त्या आठ दिवसांत मी बघायला लागले. बघायला काही अवघड नव्हतं, आमच्या मिलमध्ये ते सगळ्यांनाच माहीत होतं. पाणी साफ करायचा प्लांट मागच्या बाजूला उभा होता. प्रदूषण खात्याचे साहेब येणार असले की मोटर चालू, एरवी बंद. पाणी सरळ खाडीत. आणि खात्याला दर महिन्याला जो रिपोर्ट जायचा त्यात प्लांट रोज चालतो असं मीच टाइप करायचे, कारण मागच्या महिन्याच्या रिपोर्टवरून पुढच्या महिन्याचा करायचा अशी पद्धत होती. मिलच्या भिंतीमागे वस्ती आहे. तिथल्या प्रमिलाबाई मिलमधून कापडाच्या चिंध्या विकत न्यायच्या, बायकांना वाटून त्याची पायपुसणी करून घ्यायच्या. ऑफिसच्या खिडकीशी येऊन माझ्याशी दोन शब्द बोलायच्या. एकदा म्हणाल्या, वृषाली, आमच्या पंपाचं पाणी आज तुझ्या ओढणीसारखं आलं. हसून म्हणाल्या. मी त्यावर गटावर लिहायचं ठरवलं, वाक्यंही जुळवली, आणि मग लिहिलं नाही. तुम्ही पुन्हा तेच विचारलं असतं.

एप्रिलमध्ये खात्याचे नवीन साहेब आले. न सांगता आले. तरुण होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. भूपेंद्रभाईंनी थंड मागवलं, त्यांनी घेतलं नाही. प्लांट रोज चालतो का, असं विचारलं. भूपेंद्रभाई म्हणाले, रोज, साहेब. मग साहेब माझ्याकडे वळले आणि गुजरातीत म्हणाले, बेन, रिपोर्ट तमे टाइप करो छो ने? मी हो म्हटलं. प्लांट रोज चाले छे? मी म्हटलं, नथी चालतो.

तेव्हा मला मोठं काही वाटलं नाही, काका. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण पुढे गटावर त्याला फार मोठी नावं दिली गेली. प्रश्न आला, मी उत्तर दिलं. इतके महिने तेच तर करत होते. फक्त गटावर उत्तर दिलं की त्यावर दुसरं उत्तर येतं, आणि इथे कोणी काही बोललंच नाही. भूपेंद्रभाई माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने अचानक आपलं नाव घेऊन हाक मारावी, तसे. साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली. आठवड्याभरात मिलची वीज तोडली आणि दाराला सील लागलं.

माझी नोकरी गेली ते गेलंच. पण चंदूही त्याच मिलमध्ये होता, हे तुम्हाला नंतर कळलं. ओलं कापड ताणून सुकवायचं मशीन असतं, स्टेंटर, त्यावर तो आणि त्याचा दोस्त भिकन. आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं तिथेच होती, सगळी खानदेशातली. कोणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला काही बोलता आलं असतं. पाण्याच्या नळावर बायका जागा करून द्यायला लागल्या, जसं मोठ्या घरच्या बाईला देतात तसं. चंदूचं लग्न ठरत आलं होतं. शिंदखेड्याच्या मुलीकडून निरोप आला, पुढच्या साली बघू. आईने एकदाच विचारलं, तुना भाऊनं आते काय व्हई? मग पुन्हा विचारलं नाही. चंदू तर माझ्यासोबत जेवेनासा झाला. मी वाढून घेतलं की तो बाहेर जायचा, माझं झालं की यायचा.

भिकन बायकोपोरांना घेऊन गावी परत निघाला तेव्हा मी उधना स्टेशनवर गेले. चंदू सामान चढवत होता. मी कशाला गेले, माहीत नाही. भिकनने मला बघितलं, मुलीला बायकोकडे दिलं आणि जवळ आला. म्हणाला, ताई, खाडीचं पाणी साफ झालं ना? टोमणा नव्हता, काका. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याला टोमणा मारता येत नाही. त्याला खरंच ऐकायचं होतं की साफ झालं, म्हणजे गावी जाऊन सांगता येईल की मिल का बंद पडली. मी म्हटलं, होतंय. तो म्हणाला, चांगलं, आणि गाडीत चढला. मी खाडीकडे गेलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. आमच्या मिलचा पाइप कोरडा होता, बाकीच्यांचे वाहत होते. प्रमिलाबाई भेटल्या. पंपाचं पाणी कसं आहे विचारलं, तर म्हणाल्या, तसंच आहे गं, जमिनीत मुरलेलं एका महिन्यात कुठे जातंय. आणि तुमची मिल बंद पडल्यापासून चिंध्याही नाहीत. मग माझा हात धरून म्हणाल्या, पण तू बोललीस हे चांगलं केलंस. मला त्यांच्या तोंडून तीन वाक्यं ऐकून तिन्ही खरी वाटली. तिन्ही एकदम कशी खरी असतील, हे मात्र कळेना.

त्या आठवड्यात मी सायबर कॅफेत जाऊन गटावर सगळं लिहिलं. तुम्ही वाचलंच आहे. जोशींनी मला वाघीण म्हटलं. कोणीतरी लिहिलं की देशाला अशा हजार वृषाली हव्यात. मग एकाने लिहिलं की कामगारांचं काय, त्यांना भरपाई सरकारने द्यायला हवी. दुसऱ्याने लिहिलं, कारखानदाराने. तिसऱ्याने नवीन आर्थिक धोरण काढलं, चौथ्याने आधीचं सरकार आणि आताचं सरकार. पुढच्या वेळी गेले तेव्हा पन्नासेक पत्रं होती आणि त्यांत मी कुठेच नव्हते. भिकनही नव्हता. त्यांचं चुकत होतं असं नाही. मीही प्लेगवर असंच लिहिलं होतं, पुरावर असंच लिहिलं होतं. कोणाच्या तरी घरातली गोष्ट उचलायची आणि तिच्यावर उभं राहून बोलायचं. त्या गर्दीत तुमचं पत्र नव्हतं. ते वेगळं, फक्त मला आलं होतं. तुझा भाऊ आता काय करतो? एवढंच. पहिल्यांदा 'तू' म्हणालात. मी उत्तर न देता उठले, कारण तो काय करतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्याशी बोलणंच नव्हतं.

जूनमध्ये मिल पुन्हा सुरू झाली. प्लांटची मोटर आता चालते म्हणतात, रोज की साहेब आल्यावर, ते कोणी सांगत नाही. ते तरुण साहेब बदलून गेले. जुन्या माणसांना परत बोलावलं. गल्लीतले बहुतेक गेले, भिकनलाही निरोप गेला पण तो आला नाही. चंदू गेला नाही. तो इच्छापोरला एका कंपनीत कंत्राटावर लागला. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, आणि काम लोखंड उचलायचं. माझ्यामुळे त्याला मिलने परत घेतलं नाही, असं मी धरून चालले. आईही तसंच समजली. तेव्हाच मी तुम्हाला कळवलं होतं की भावाला माझ्यामुळे कामावर घेत नाहीत, आणि तुम्ही लिहिलंत, त्याला विचारलंस का? मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात भूपेंद्रभाई आमच्या घरी आले. पहिल्यांदाच आले. पलंगावर बसले, आईच्या हातचा चहा प्यायले, आईची तब्येत विचारली. वाईट माणूस नाही तो. मी कामाला लागले तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला जायला त्यांनीच मला लवकर सोडलं होतं. डिसेंबरमध्ये खात्यापुढे मिलची सुनावणी आहे. त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. त्यात मी असं म्हणायचं होतं की माझ्या समजण्यात चूक झाली, प्लांट त्या दिवसांत दुरुस्तीला बंद होता. ते म्हणाले, बेन, प्लांट तर आता चालतो, तुम्हाला हवं होतं ते झालं, मग जुन्या गोष्टीची शिक्षा कशाला? शिक्षा शेठला नाही होणार, पुन्हा कामगारांनाच होईल. तुम्ही दोघं या कामावर. मग चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाले, चंदूला तर बहिणीची सही आण, कामावर ये, असं जूनमध्येच सांगितलं होतं, त्याने ना पाडली, सरळ नकार दिला. म्हणाला, बहिणीला यात आणायचं नाही, मला नको नोकरी. तेणे तमने कह्युं नथी? मी म्हटलं, नाही सांगितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. कागद पलंगावर ठेवून ते गेले. आईने कपबशी विसळली. मी तिच्याकडे बघत राहिले, ती काय म्हणते म्हणून. ती म्हणाली, मी काय सांगू? तू शिकेल शे. शिकलेली मी, तेव्हा ठरवायचंही मीच.

तेव्हापासून मी फिरतेय नुसती. भूपेंद्रभाईंचं म्हणणं गटावर कोणी मांडलं असतं तर मी दहा मिनिटांत त्याच्या चिंधड्या केल्या असत्या. खोटं ते खोटं, असं लिहिलं असतं. आजही तेच वाटतं. पण ते मला वाटतं की गटावरच्या त्या वृषालीला वाटतं, हे कळत नाही. एप्रिलमध्ये मी 'नथी चालतो' म्हटलं ते प्रमिलाबाईंच्या पंपासाठी म्हटलं, की तुम्ही जानेवारीत विचारलेल्या एका ओळीला उत्तर म्हणून? तुमच्यापुढे हरायचं नव्हतं म्हणून भिकन गावी गेला का? असं काही मनात आलं की मी भांडी घासायला घेते. आणि मग वाटतं, कशासाठी का म्हटलं असेना, प्लांट बंद होता हे तर खरंच ना. त्या कागदावर मी सही केलेली नाही. बहुतेक करणार नाही. 'बहुतेक' हा शब्द मी गटावर कधी वापरला नव्हता.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. हे सगळं माझं माझ्याजवळ ठेवून मी सुनावणीपर्यंत गप्प बसले असते. पण गेल्या रविवारी चंदूला सुट्टी होती. मी दुपारी जेवायला बसले तर तो उठून गेला नाही, ताट घेऊन समोर बसला. भूपेंद्रभाई येऊन गेले हे त्याला आईकडून कळलं होतं. मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू ते तिथे लिहिलं असतंस. काका, हे खरं आहे. मी लिहिलंच असतं, आणि फार चांगलं लिहिलं असतं. मग तोच म्हणाला, तुझे ते जळगावचे काका, धरणवाले, त्यांना विचार ना. तुमच्याबद्दल मी आईला सांगायचे, ते त्याने ऐकलेलं होतं. मला वाटलं सहीबद्दल म्हणतोय. तो म्हणाला, ते तुझं तू बघ. माझं विचार. मी जूनमध्ये ना पाडली ते बरोबर केलं का? तू खरं बोललीस असं मला वाटलं म्हणून ना पाडली. पण घरी आईचं औषध आहे, लग्न अडलंय, आणि भिकन गाडीत बसला त्या दिवसापासून मला समजत नाही. तू त्यांच्याशी इतकी भांडलीस तरी तेच एकटे माझी चौकशी करतात, म्हणून त्यांना विचार. त्याने एवढं सलग बोललेलं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी त्याला लगेच सांगू शकले असते, तू बरोबर केलंस म्हणून. तोंडात आलंही होतं. पण माझ्यासाठीच त्याने ते केलं, तेव्हा ते मी सांगून त्याच्या काय कामाचं? म्हणून तुम्ही त्याला लिहा. मला नको, त्याला. तो चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, नंतर गुजराती, तेव्हा अक्षर जरा मोठं काढा, तो सावकाश वाचतो पण शेवटपर्यंत वाचतो. त्याचं चुकलं असं तुम्हाला वाटलं तर तसंच लिहा, तो रागावणार नाही. पाकिटावर त्याचं नाव घाला, चंदू बैसाणे. मी ते उघडणार नाही, आणि त्याने स्वतःहून दाखवल्याशिवाय मागणारही नाही.

तुमचीच,
वृषाली